चौथं प्रकरण

पुणे, मंगळवार

वच्छला, तुले अन् धम्मदीपाले जयभीम.

पुस्तकाचे पुठ्ठे मी कापले, खळ मी शिजवली, एकशे बारा पानं मी लिहिली. शिलाई तेवढी तुझी.

दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन प्रकाशकाचं चरित्र लिहायला मला डिक्शनरी घेऊन सात वर्षं लागली. इथल्या प्रकाशकानं ते दहा मिनिटांत चाळलं. म्हणाला, “चौथं प्रकरण काढा, देवानंदराव. त्याची बायको अन् मुली घरी बसून पुस्तकं शिवायच्या, हे कोण वाचणार?”

मी म्हटलं, “काहून नाही वाचणार? त्यायनं शिवली नसती तर त्याचं दुकान वर्षभर चाललं नसतं!”

तुझ्या शिलाईवर बोट ठेवून तो हसला. “घरगुती दिसतंय.” माझं डोकंच भणाणलं. पानांच्या दर घडीला मोजून पाच टाके, एकही ढिला नाही, ते त्या शहाण्याला दिसलं नाही!

मी जेवलो, काळजी करू नको. सुई लागलेलं तुझं बोट बरं झालं का? परवा मेडशीले उतरतो.

तुझाच,
देवानंद

ता. क. जिन्यापर्यंत मागं येऊन तो म्हणाला, तेवढं प्रकरण काढून द्या, पन्नास हजार देतो. मी नाही म्हटलं. आकडा तू बरोबर वाचलास, पन्नास हजार.