कंपनीचा कप, घरचा कप

प्रिय हमीदभाई,

तुम्ही मराठी फर्डं बोलायचात, पण वाचायचात फक्त दुकानांच्या पाट्या. म्हणजे हे पत्र तुम्ही असतानाही वाचलं नसतंत. नसरीनला वाचून दाखवायला सांगितलं असतंत. तेच मला नको होतं, म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही. आज लिहितो, कारण उद्या रविवार आहे. उद्या दहा वाजता तुमची मुलगी माझ्या घरी येणार आहे आणि तिला एक कप हवा आहे. कॉफीचा नव्हे. नुसता कप.

कोणता, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण आधी मशीनबद्दल. मशीनबद्दल बोलणं आपल्याला नेहमी सोपं गेलं.

पहिलं मशीन मी तुम्हाला न विचारता आणलं. डॉक्टरांनी दूध बंद केलं होतं. आपल्याकडचा चहा म्हणजे मुळात दूध आणि साखर. त्यातलं दूध काढलं की उरते ती चहाची शंका. ती मी दोन दिवस प्यायलो आणि तिसऱ्या दिवशी जालना रोडवरच्या एका चकचकीत दुकानात गेलो. टाय लावलेल्या विक्रेत्यानं निळ्या दिव्याचं, सात बटणांचं एक धूड दाखवलं. ‘सर, यात सुगंधाचं वेगळं बटण आहे,’ म्हणाला. वास बटणात असतो, यावर मी विश्वास ठेवला! आयुष्यभर मुलांना शब्दांचे फुगे फोडायला शिकवलेला माणूस मी. एका बटणावर गेलो.

तुम्ही रविवारी आलात. गाइड पाठ करून पास झालेल्या मुलाकडे मी जसा पाहायचो, तसं त्या मशीनकडे पाहिलंत.

‘सर, हे कुणी दिलं?’

‘मी घेतलं.’

‘घेतलं?’

एवढंच. मग खिशातून फ्रीजदुरुस्तीचा थर्मामीटर काढलात, झाकण उचललंत आणि पावडरीवर पडणाऱ्या पाण्याच्या धारेत धरलात.

‘अठ्ठ्याहत्तर,’ तुम्ही म्हणालात. ‘सर, ये पानीसे नमाजका वजू होता. कॉफी नै होती.’

सुनंदा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. माझी बायको माझ्या विनोदावर तशी कधी हसलेली नाही.

तुम्ही थांबला नाहीत. पाणी एकाच भोकातून मधोमध पडत होतं. पावडरीत खड्डा आणि कडा कोरड्या. ‘बीचवाल्याला पूर, कडेवाल्याला दुष्काळ. आपल्या म्युन्सिपाल्टीनं बनवलंय का?’ काचेच्या जगाखाली एक तापणारी चकती होती. ‘ये तवा कायकू? कॉफी आता भाजायची का?’ खरंच, अर्ध्या तासात ती कॉफी जळकी लागायची आणि मी तिला कडक म्हणायचो. वाईट वस्तू घेतली की माणूस आधी तिच्यासाठी चांगलं विशेषण शोधतो. माझ्याकडे विशेषणांचा तुटवडा नव्हता.

दुसरं मशीन तुम्ही निवडलंत. तीन दुकानं फिरवलीत. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: पाणी किती तापतं? नव्वदच्या वर, शंभरच्या खाली, एवढं उत्तर हवं होतं. पहिल्या दोघांना ते देता आलं नाही. दुसरा तर म्हणाला, ‘काका, गरम येते की कॉफी!’ तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. ‘बेटा, डोकं पण गरम होतं. त्यात काय शिजवतो का कुणी?’

तिसऱ्या दुकानात मिळालं ते एका बटणाचं. पाणी झारीसारखं पसरून पडणारं. खाली चकती नाही, थर्मासचा जग. पाण्याची टाकी एवढी रुंद की तुमचा जाड पंजा तळापर्यंत गेला. तुम्ही तो फिरवून बघितलात. ‘ज्यात हात जात नाय, ते साफ होत नाय. त्यो डब्बा घेऊ नये.’

मला हे वाक्य तेव्हा फक्त टाकीबद्दल वाटलं होतं.

मग कागदाचे फिल्टर. गुलमंडीतल्या दुकानदाराला मी हातानं आकार करून दाखवला: कागदाचा, खाली निमुळता, वर उघडा. त्यानं द्रोणांचा गठ्ठा आणून ठेवला. ‘कोणती पूजा आहे, सर?’ तुम्ही मागं उभे होतात. ‘कॉफीची आहे,’ म्हणालात. ‘रोज सकाळी असती. लई कडक सोवळं.’

सोवळं हा शब्द तुम्ही किती सहज वापरलात! मी हसलो. मी नेहमीच हसायचो.

मग तुमचे नियम: पावडर घरच्या मिक्सरवर, थांबून थांबून, रव्याइतकी जाड. मैदा झाला की कडू. कागद आधी गरम पाण्यानं भिजवायचा, नाहीतर कॉफीला पुठ्ठ्याची चव. बोअरचं पाणी नक्को. हे शेवटचं मी ऐकलं नाही. नळ आठ-आठ दिवस येत नाही, गाळलेलं पाणी संपलेलं, मी बोअरचं ओतत राहिलो. चार महिन्यांत मशीन खोकायला लागलं. तुम्ही लिंबूफूल पाण्यात विरघळवून दोनदा आतून फिरवलंत, पांढरा गाळ बेसिनमध्ये ओतलात आणि म्हणालात, ‘सर, तुम्ही ह्याला मुतखडा केला.’

तुम्ही गेलात तेव्हा आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ मला म्हणाले, ‘ते मिक्सरवाले मियाँ गेले म्हणे?’ फाटकाशी उभं राहून, दात कोरत. मला त्यांची किळस आली. नाव आहे त्या माणसाला, असं मी मनात म्हणालो. मनात! तोंडानं म्हणालो, ‘हो, गेले.’ किळस करणं फार स्वस्त असतं. ती मी भरपूर केली आहे.

आता कपाकडे येतो. लांबवतोय, हे तुम्ही ओळखलंच असेल.

नव्या मशीनचा पहिला रविवार. आपण तिघं. जगावर रेघा होत्या, प्रत्येक रेघ म्हणजे एक कप, असं पुस्तिकेत लिहिलेलं. मी तीन रेघा पाणी घातलं, तीन चमचे पावडर. कॉफी आली ती सुनंदाचा आणि माझा मगसुद्धा धड भरेना. मी पुस्तिका पुन्हा वाचायला घेतली. तुम्ही औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण मागितलंत, पाणी मोजलंत आणि सांगितलंत की कंपनीचा कप आपल्या मगाच्या निम्मा आहे.

‘सर, कंपनीचा कप वेगळा, घरचा कप वेगळा. सहा रेघा घाला, तव्हा तिघांचं होईल.’ मग जरा थांबून, ‘आणि घरात तरी कप-कपात फरक असतोच की.’

मी मोठ्यानं हसलो. हे वाक्य मी पुढे दोन ठिकाणी सांगितलं, तुमचा हजरजबाबीपणा म्हणून. तेव्हा तुमच्या हातात काय होतं, ते मी पाहिलं नाही.

तुमच्या हातात निळ्या काठाचा कप होता.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात ते दुरुस्त झालेला मिक्सर पोचवायला. आई तेव्हा होती. तिनं चहा टाकला, मला आत बोलावलं आणि म्हणाली, ‘त्यांचा कप येगळा ठिवलाय, खिडकीतला. त्योच द्यायचा बरं.’ फुटून संपलेल्या सेटमधला एकटा उरलेला कप. मी तो दिला. त्या दिवशी सकाळी कॉलेजात मी काय शिकवून आलो होतो? माणूस. माझ्या व्याख्यानांत हा शब्द फार यायचा. मुलं वहीत उतरवून घ्यायची. पुढे त्या मुलांत तुमची नसरीनही बसली. तिचं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं होतं.

आई जाऊन बारा वर्षं झाली. कप राहिला. मी ते जुनं काही मानत नाही. सुनंदाही मानत नाही. न मानणाऱ्या दोन माणसांनी बारा वर्षं तो कप खिडकीत ठेवला, भांडीवालीनं तो बाकीच्यांत मिसळला तर पुन्हा उचलून खिडकीत ठेवला. का? तिथंच असायचा म्हणून. मानणाऱ्यांची मला चीड होती. पण मानणाऱ्याला निदान कारण तरी असतं.

आणि तुम्ही! कॉफी संपली की उठून अंगणातल्या नळावर तो कप स्वतः विसळायचात आणि खिडकीत पालथा घालायचात. ‘राहू द्या हो, हमीदभाई,’ मी म्हणायचो. बसल्या जागेवरून.

मला वाटायचं, ही तुमची तहजीब. किती सोयीचा शब्द! तुमच्याच भाषेतला घेतला आणि तुमच्यावरच पांघरला.

तुम्ही एकदा तरी सरळ म्हणायचं होतं. दुसऱ्याच्या मशीनमधला दोष दाखवताना तुम्ही कधी भीड ठेवली नाहीत. मग इथंच का ठेवलीत? की दुरुस्तीच्या पलीकडचं सामान तुम्हाला बघताक्षणी कळायचं? दुकानात असं सामान तुम्ही फेकायचा नाहीत. मागच्या फळीवर ठेवायचात. ‘राहू दे, येखादा पार्ट कामाला येतो.’ माझा कोणता पार्ट कामाला आला, हमीदभाई?

परवा तुमचा चाळिसावा झाला. मी आलो होतो. तुमच्या घरात एका मोठ्या ताटात चहाचे कप आले, सगळे एकसारखे, आणि ज्यानं त्यानं हाताला लागेल तो उचलला. कुणाचा कोणता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

नसरीन माझ्याजवळ येऊन बसली. सकाळीच कन्नडहून, तिच्या शाळेतून, अर्धी रजा टाकून आली होती. डोळे सुजलेले. म्हणाली, ‘सर, अब्बू नेहमी सांगायचे. सरांच्या घरी माझा स्वतःचा कप आहे. माझ्याशिवाय कुणाला देत नाहीत. अम्मीला चिडवायचे, तुझ्या घरात माझा एक कप ठरलेला नाय, बघ सरांच्या घरी कसा मान हाय.’

पडद्याआडून तुमच्या बेगम म्हणाल्या, ‘हौ, लई बोलायचे.’

‘सर, तो कप मला द्याल? आठवण म्हणून.’

‘हो,’ मी म्हणालो. ‘ये रविवारी.’

हो म्हणालो! जीभ अडखळलीसुद्धा नाही.

घरी येऊन तुमचं वाक्य पुन्हा पुन्हा तपासलं. माझा स्वतःचा कप. माझ्याशिवाय कुणाला देत नाहीत. त्यात एक अक्षर खोटं नाही. मी तीस वर्षं भाषा शिकवली. मला असं वाक्य कधी रचता आलं नाही. तुम्ही ते बायकोमुलीसाठी रचलंत, की रविवारी माझ्या घरी यायला तुम्हालाच ते लागायचं?

दोन दिवस विचार केला. कप कागदात गुंडाळून देणं सोपं आहे. ती तो शोकेसमध्ये ठेवेल, आल्यागेल्याला दाखवेल. माझ्या भिकारपणाला तुमच्या घरात मानाची जागा मिळेल. खरं सांगणंही मला संशयास्पद वाटतं. माझ्यासारखी माणसं कबुलीसुद्धा नीटनेटक्या मराठीत देतात आणि मग स्वतःवरच खूश होतात.

आज दुपारी सुनंदाला सांगितलं.

‘काय मिळणार सांगून?’ ती म्हणाली. ‘पोरीला उगं दुखवाल.’

‘आणि न सांगून मला काय मिळतं, ते बघ. सर म्हणणारी विद्यार्थिनी मिळते.’

ती उठली, खिडकीतला कप घेतला, घासला आणि बाकीच्या कपांमध्ये ठेवून दिला. आज! तुम्हाला जाऊन चाळीस दिवस उलटल्यावर. मी तो उचलला आणि पुन्हा खिडकीत, होता तिथं, पालथा ठेवला. उद्या तो तिथंच दिसला पाहिजे.

तर शब्द देतो, हमीदभाई. उद्या तुमच्या मापानं करीन. गाळलेलं पाणी सहा रेघा, सहा चमचे, रव्याइतकी जाड, कागद आधी भिजवून. बटण दाबल्यापासून जग भरायला सहा मिनिटं लागतात आणि थेंब थांबेपर्यंत जग काढायचा नाही, हा तुमचा नियम. त्या सहा मिनिटांत मी नसरीनला खिडकीशी नेईन आणि तो कप तिथं का असतो, ते सांगेन. आईला पुढे करणार नाही. ती गेल्यावरची बारा वर्षं माझी आहेत. कॉफी ओतण्याआधी सांगेन, नंतर नाही. म्हणजे या घरचं प्यायचं की नाही, हे तिला ठरवता येईल. कप न्यायचा, फोडायचा की तिथंच सोडायचा, तेही.

सहा मिनिटं पुष्कळ झाली. वाक्य लहान आहे.

ज्याला तुम्ही सर म्हणत राहिलात आणि ज्यानं ते कधी थांबवलं नाही, तो,

दिनकर