विरोधक मिळेना

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (तो मनातल्या मनात घातला आहे. होस्टेलच्या या खोलीत पलंग, टेबल आणि मी सोडल्यास आठ अंगं टेकवायला जमीन उरत नाही.) मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? वरच्या मजल्यावरच्या काकूंशी बोलणं सुरू झालं, की पाण्याच्या टाकीवरून अजून अबोलाच आहे? तूच आधी बोलून टाक, असं सांगणार होते, पण तुला ओळखते म्हणून शाई वाचवते.

परवा फोनवर तू म्हणालीस, "रिअल इस्टेट डेव्हलपमेंटमध्ये मास्टर्स? म्हणजे दलालीला आता पदवी लागते का गं?" त्यानंतर फोन बंद झाला तो मी आपटला म्हणून नव्हे, रेंज गेली म्हणून. (तुझा विश्वास बसणार नाही, तरी लेखी दिलेलं बरं.) तर आता सविस्तर सांगते. तुझ्या धाकट्या भावाच्या, म्हणजे बाबांच्या, फरशीच्या दुकानात मी इतकी वर्षं उभी राहिले. नवी घरं घेतलेली माणसं यायची, भुरी फरशी की पांढरी यावरून नवरा-बायको भांडायची आणि भांडताना खरं काय ते बोलून जायची, की स्वयंपाकघरात फ्रिजचं दार पूर्ण उघडत नाही, आजोबांच्या खोलीत ऊन येत नाही. हे असं ठरवतं कोण, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. ठरवणारी ती माणसं इथे तयार होतात. इंजिनिअर इमारत उभी कशी राहील ते शिकतो. आम्ही ती तिथे उभी का राहावी, तिच्यात कोण राहील, परवानगी कोण देईल आणि शेजारी काय म्हणतील, ते शिकतो. शेजाऱ्यांवर स्वतंत्र पेपर आहे. तू पुस्तक न उघडता पहिली आली असतीस.

माझ्या गटात आम्ही तिघं. एक वकीलबाई, वकिली सोडून इथे आलेल्या, पण वकिलीने त्यांना सोडलेलं नाही. 'चहा घेणार का?' विचारलं तर 'कोणत्या संदर्भात?' विचारतात. दुसरा आर्किटेक्ट. त्याला सगळे 'गच्ची' म्हणतात, कारण जमीन केवढीही असो, तो आधी गच्ची काढतो आणि मग तिच्याखाली मावतील तेवढे मजले भरतो. मुलगा गुणी आहे. (तुझ्या भुवया खाली घे. तसं काही नाही. का नाही, ते पुढे येतंच आहे.)

पहिल्या सत्रात आम्हाला बाजाराची पाहणी करायला पाठवलं. म्हणजे गिऱ्हाईक बनून बिल्डरांचे सॅम्पल फ्लॅट बघायचे आणि ते कसे विकतात ते शिकून यायचं. वकीलबाईंनी खोटं बोलायला तत्त्वतः नकार दिला, तेव्हा गच्ची आणि मी नवरा-बायको झालो. फ्लॅट दिसायला देखणा, मोठाच्या मोठा. विकणारी मुलगी इतकी गोड की मला आमच्या संसाराची खरंच काळजी वाटू लागली. बेडरूममध्ये गेल्यावर मात्र काहीतरी खटकलं. पलंग डबल होता, पण बाहुल्यांचा असावा तसा. मी गच्चीला म्हटलं, "अहो, जरा आडवे होऊन बघा." (अहो! आत्या, मला स्वतःलाच हसू आवरेना.) तो आडवा झाला आणि त्याच्या पोटऱ्या पलंगाबाहेर लोंबायला लागल्या. खोली मोठी दिसावी म्हणून फर्निचरच लहान करून घेतलं होतं! ती मुलगी जरासुद्धा न डगमगता म्हणाली, "साहेबांची उंची छान आहे." तिथेच निघायला हवं होतं. पण स्वयंपाकघरात गच्ची म्हणाला की भिंत काढून ओटा हॉलमध्ये आणू, मी म्हटलं फोडणीचा वास सोफ्याला लागेल, तो म्हणाला तुला जागेची जाणच नाही, मी म्हटलं तुझ्या पायांना विचार. आवाज चढले. मुलीने दोघांना पाणी दिलं आणि हळूच मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, फ्लॅट राहू दे, आधी दोघं नीट बोला." अशा रीतीने माझं लग्न सॅम्पल फ्लॅटमध्येच मोडलं. पाहणीत मात्र आम्हाला चांगले मार्क मिळाले, कारण पलंगाची गोष्ट दुसऱ्या कुठल्याही गटाच्या लक्षात आली नव्हती.

आता खरी अडचण सांगते. शेवटच्या सत्रात प्रत्येक गटाने आपल्या माहितीची एक जुनी इमारत निवडायची, तिच्या जागी नवीन काय बांधता येईल त्याचा पूर्ण आराखडा करायचा आणि तो भर सुनावणीत लोकांसमोर मांडायचा. सुनावणी नाटकातली, पण नियम खरे. समोर रहिवासी म्हणून कुणीतरी बसतं, हरकती घेतं, आणि आम्ही उत्तरं द्यायची. हे रहिवासी गटाने स्वतः आणायचे असतात. रंगीत तालमीला मी बाबांना बोलावलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी त्यांच्याकडून आदल्या दिवशी हरकती पाठ करून घेतल्या होत्या. पहिली हरकत त्यांनी खणखणीत घेतली, "आमच्या घरातला उजेड जाणार त्याचं काय?" गच्चीने पडद्यावर आराखडा लावला, मजले एकेक करून वर चढायला लागले आणि बाबांचा चेहरा फुलायला लागला. दुसरी हरकत ते विसरले. तिसऱ्याऐवजी त्यांनी विचारलं, "प्रत्येक मजल्याच्या लॉबीला फरशी कोणती धरलीय?" मी टेबलाखालून पाय मारला, तो वकीलबाईंना लागला. शेवटी बाबा उठून पुढे आले, गच्चीचा हात हातात घेऊन म्हणाले, "बांधाच तुम्ही. मी तुमच्या पाठीशी आहे," आणि परीक्षक म्हणून बसलेल्या आमच्या मॅडमना दुकानाचं कार्ड देऊन गेले.

मॅडमनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, "हे विरोधक नाहीत, हे पुरवठादार आहेत." सगळा वर्ग हसला. मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. (मॅडम ओरडतात तेव्हा मी घाबरत नाही, मऊ झाल्या की घाबरते.) म्हणाल्या, "ज्याला कुणीच 'नाही' म्हटलेलं नाही, तो आराखडा मी पास करणार नाही. खरा विरोध करणारं माणूस आणा. नसेल मिळत, तर पुढच्या वर्षी भेटू." पुढचं वर्ष म्हणजे पुन्हा हीच खोली, पुन्हा सगळं सत्र. बाबांना काही बोलले नाही. ते फोनवर रोज विचारतात, "कसं झालं गं माझं काम?" आणि मी म्हणते, "सगळ्यांना फार आवडलं." ते खोटंही नाही.

तेव्हापासून माणूस शोधते आहे. होस्टेलच्या मावशी म्हणाल्या, मला भीती वाटते. वकीलबाईंच्या सासूबाई तयार झाल्या, पण त्यांचा विरोध फक्त वकीलबाईंना आहे, इमारतीला नाही. असो. मिळेल कुणीतरी. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. पायात मोजे घालत जा, अंगणाच्या पायऱ्या उतरताना कठडा धर आणि औषधं वेळेवर घे.

तुझी,
(तू कबूल करत नसलीस तरी) लाडकी भाची

ता. क. : पुढच्या महिन्यात चार दिवस इकडे येतेस का? हवापालट होईल. बसचं तिकीट पाकिटात घातलंच आहे, खिडकीजवळचं आणि पुढचं. सुनावणीही नेमकी त्याच दिवसांत आहे. सोसायटीच्या सभेत तू लिफ्टला, नव्या गेटला आणि गेटच्या रंगाला विरोध केलास, तो मी लहानपणापासून कौतुकाने ऐकत आले आहे. माझ्या या शिक्षणालाही सर्वांत चांगले मुद्दे काढून तूच विरोध केला होतास. बाकीचे नुसतेच 'नको' म्हणाले होते.

ता. क. २ : आधी सांगायला हवं होतं, पण धीर होईना. आम्ही निवडलेली जुनी इमारत तुझी आहे. मागच्या सुट्टीत मी तुझ्या मागच्या अंगणात पावलं मोजत होते आणि तू विचारलंस तेव्हा 'व्यायाम' म्हणाले, तो व्यायाम नव्हता. घाबरू नकोस, सगळं कागदावर आहे, तुझी वीटही कुणी हलवणार नाही. गटातल्या कुणाला तू माझी आत्या आहेस हे माहीत नाही. बाबांनीही इमारत ओळखली नाही, त्यांना पडद्यावर फक्त फरशी दिसली.

ता. क. ३ : आराखड्यात मागचं अंगण जाऊन तिथे तळघरात जाणारा गाड्यांचा उतार येतो आणि तुझ्यासकट तळमजल्यावरचे सगळे नवव्या मजल्यावर जातात. मी म्हटलं, वयस्कर माणसांना खालीच ठेवू, दार उघडलं की अंगण लागेल असं, एक मजला कमी झाला तर झाला. गच्ची म्हणाला, नवव्या मजल्यावर हवा चांगली आहे. वकीलबाई म्हणाल्या, "वयस्कर माणसांना अंगणच हवं असतं याला पुरावा काय?" माझ्याकडे पुरावा नव्हता, आत्या होती, आणि ते सांगता येत नव्हतं. दोन विरुद्ध एक मतांनी मी हरले. आता गटाच्या वतीने आराखडा मांडायचं काम माझ्याकडे आलं आहे, त्यामुळे मी त्याविरुद्ध एक शब्दही बोलू शकत नाही.

म्हणून तू ये. मी समोर उभी राहून तुला अगदी ठामपणे, आकडे देऊन उत्तरं देईन. त्यातलं एकही ऐकून घेऊ नकोस.