बिबवेवाडीभूषण व इतर पदव्या

शनिवार पेठ, पुणे
६ जानेवारी २०१९

चि. शर्मिला हिस,
अ. उ. आ. व त्यांच्या जोडीला जय भीम.

तुझा मोबाइलवरील संदेश पावला. परंतु मोबाइलवर आलेले मी वाचतो, मानत नाही, हे तुला शैशवापासून ठाऊक आहे. आमंत्रण कागदावर यावे, त्यावर शाई असावी आणि शक्य तर एखादा डागही असावा. तथापि तू माझ्या एकुलत्या एका भगिनीची एकुलती एक कन्या असल्याने हा प्रमाद पोटात घालून टपालाने उत्तर धाडत आहे. शनिवार पेठेतले पत्र हिंजवडीस पोचायला चार दिवस लागतील, असे टपाल कार्यालयातील बाईंनी सांगितले. तुमच्या कंपनीच्या बसची गती पाहता मला तो काळ माफक वाटला.

प्रस्ताव मला समजला तो असा. तू आणि तुझा चंद्रपूरकर सहकारी दत्तप्रसाद, असे उभयता सुटीच्या दिवशी संगणकास विश्रांती देऊन एका खोलीत बसता, कुणा कलावंतास पाचारण करता आणि कला, अस्मिता व सामाजिक न्याय या विषयांवर त्यास बोलते करता. ते संभाषण लोक कानांत बोंडे खुपसून बसमध्ये ऐकतात. यास तुम्ही पॉडकास्ट म्हणता. मी श्राव्यपेटिका म्हणेन. तू हसशील, हसणे प्रकृतीस उत्तम.

या पेटिकेत आता तुम्हांस नवप्रभात गायन पार्टीचा माजी निवेदक, म्हणजे तुझा मातुल, हवा आहे. मी विचारांती होकार देत आहे. विचारास सुमारे अर्धा चहा लागला.

खरे सांगतो, तुझ्या संदेशाने मन मागे गेले. नव्वदीची ती वर्षे! दिल्लीत अर्थव्यवस्था खुली झाली म्हणे. बिबवेवाडीत फक्त टेम्पोचे फाळके खुले झाले होते आणि त्यावर आमचा रंगमंच उभा राहत असे. एप्रिलात जयंतीचा आठवडा आला की रोज एक वस्ती. पेटीवर शाळेतले शिपाईमामा, कोरसमध्ये परकराचे वय नुकतेच सोडलेली तुझी आई, आणि मध्यभागी आमचा ज्ञानदेव. दिवसभर मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहणारा हा मनुष्य सायंकाळी असा गात असे की समोरची लहान मुले रडणे विसरत. पहिल्या रांगेत माझे वडील, तुझे आजोबा धोंडिबा, कारखान्यातून थेट आलेले, हातपाय न धुता. आमच्या कार्यक्रमांच्या दोन-तीन कॅसेटही निघाल्या होत्या. पुढे डीजे नामक भिंती आल्या, त्यांच्यापुढे ज्ञानदेवाचा कंठ कुणास ऐकू येईना. आणि एके वर्षी आम्हांस बोलावणेच आले नाही. ज्ञानदेव त्यानंतर फार जगला नाही. असो.

माझ्या अटी दोन. चहात आले असावे, आणि मला मध्येच थांबवू नये.

लोभ आहेच, त्यास उतार न पडावा.

तुझा मातुल,
बाबुराव

हिंजवडी
३ फेब्रुवारी २०१९

ती. मामांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

किती वर्षांनी पेन हातात घेतलंय. कीबोर्डच्या सवयीनं चुकलं की बोट आपोआप खोडायचं बटण शोधतंय, आणि कागदावर ते सापडत नाही. अक्षराबद्दल आधीच माफी.

रेकॉर्डिंग मस्त झालं. तुम्ही दुपारच्या चहाला सुरू झालात ते दिवे लागेपर्यंत. मध्ये दत्तप्रसादनं बॅटऱ्या बदलल्या, तेव्हा तुम्ही त्याला विद्युत्प्रदाता म्हणालात, तो अजून ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरतोय.

आता अडचण सांगते. आमचा एपिसोड पाऊण तासाचा असतो. म्हणून मी एडिटिंग केलं. ज्ञानदेवमामांचं कॅसेटवरचं गाणं अख्खं ठेवलंय, ते ऐकून मीच दोनदा थांबले. पण गाण्याआधी कॅसेटवर तुम्ही त्यांची जी लांबलचक ओळख करून देता, कंठकौस्तुभ, नादनिधी, बिबवेवाडीभूषण वगैरे, ती काढली. आणि तुमच्या बोलण्यातली जड वाक्यंही बरीच गाळली. रागावू नका मामा, लोक कंटाळून पुढं जातात.

दुसरी गोष्ट लिहायला अवघड आहे. दत्तप्रसादचं म्हणणं असं की आपला कार्यक्रम ज्याच्या त्याच्या खऱ्या आवाजाबद्दल आहे, आणि ज्यांनी आपल्याला शाळेच्या पायरीवरून हाकललं त्यांचीच भाषा मामा का बोलतात? तो परका म्हणून बोलत नाही, त्याला तुमच्याबद्दल फार वाटतं. आणि खरं सांगू, मलाही ते पटलं. घरी आईशी बोलताना तुम्ही नुसतं शैले, च्या टाक म्हणता, ते किती गोड वाटतं! तसं, आजी बोलायची तसं, थोडं परत रेकॉर्ड करू या का? रेकॉर्डिंगमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं की ही भाषा तुमची आहे का, तेव्हा तुम्ही साखर मागितलीत.

कापलेला एपिसोड पेनड्राइव्हवर सोबत पाठवतेय. जयंतीच्या आठवड्यात प्रसारित करायचा आहे. तुमच्या होकाराशिवाय करणार नाही.

माया आहे तेवढी असू द्या.

तुमची,
शर्मिला

शनिवार पेठ
११ फेब्रुवारी २०१९

चि. शर्मिला हिस,
आशीर्वाद. उत्तम की मध्यम, हे पत्रान्ती ठरवू.

पेनड्राइव्ह ऐकला. शेजारच्या रावसाहेबांच्या संगणकावर ऐकावा लागला, त्यामुळे माझ्या विटंबनेस एक साक्षीदारही लाभला. त्या पाऊण तासात जो गृहस्थ बोलतो त्याचा आवाज माझा आहे. मनुष्य माझ्या परिचयाचा नाही. तो सुटसुटीत आहे, नम्र आहे, दर चार शब्दांनी श्वास घेतो. त्यास माझा नमस्कार सांगावा आणि माझा आवाज परत मागून घ्यावा. हा भाग प्रसारित करण्यास मी मनाई करतो.

आता साखरेविषयी. उत्तर होते, पण ते तुझ्या त्या लाल दिव्यासमोर निघेना. येथे लिहितो.

या पेठेत राहायला येऊन मला बावीस वर्षे झाली. आरंभी रावसाहेबांनी जिन्यात आडनाव विचारले. ओव्हाळ ऐकून ते म्हणाले की, वा, तुमची भाषा मात्र फारच शुद्ध आहे हो. त्या 'मात्र'वर मी आजतागायत जगतो आहे. त्यांना प्रश्न पडतो, ही भाषा याला येते कशी. आणि तुला प्रश्न पडतो, ही याला यावीच का. तुम्ही दोघे एकदा चहाला बसा. तुमचे जमेल.

आता ती ओळख, जी तू काढलीस. पहिल्या कार्यक्रमात मी इतरांसारखाच म्हणालो होतो की आता ज्ञानदेव गाणं म्हणतील. पहिल्या रांगेतून वडील ओरडले की, जरा मोठं बोल की, माणूस मोठा हाय. सगळे हसले. मी घाबरून, शाळेत पाठ केलेले जे जे भारदस्त स्मरले ते ते ज्ञानदेवाच्या नावापुढे जोडत गेलो. हसणे थांबले. बाई, त्या मनुष्यास वर्षभर यार्डात कोणी नावाने हाक मारीत नसे. ए म्हणत, शुक शुक करीत, फार प्रेमात असतील तर ग्यान्या म्हणत. त्याने खाली मान घातली आणि त्या दिवशी जो गायला, तसा तो आधी कधी गायला नव्हता.

तेव्हापासून प्रथाच पडली. गायकास पदव्या, ढोलकीवाल्यास पदव्या, मांडव घालणाऱ्या पोरांस पदव्या, आकडा टाकून वीज आणणाऱ्या इसमासही 'प्रकाशदाते'. ज्ञानदेवाची पत्नी राधावहिनी भाजीची पाटी आवरून केवळ ओळखीपुरत्या येत आणि गाणे सुरू झाले की निघून जात. गाणे, म्हणत, घरी ऐकतेच की. ते जडजंबाल शब्द कुणास कळत होते? मलाही सगळे कळत नव्हते. परंतु ज्या शब्दांनी आजवर देवांना, राजांना आणि सत्कारमूर्तींना ओवाळले, ते शब्द एका हमालासाठी खर्ची पडत आहेत, हे न कळणारा त्या गर्दीत एकही नव्हता. भाषा ज्यांची असेल त्यांची असो. त्या टेम्पोवर ती आमच्या कामाला होती.

घरची भाषा मजजवळ आहे. ती घरच्यांसाठी आहे. बोंडे घालून बसमध्ये बसलेल्यांस मी शैला म्हणून हाक कशी मारू?

तेव्हा ज्ञानदेव पदव्यांसकट जाईल, नाहीतर जाणार नाही. दत्तप्रसादास आशीर्वाद, मुलगा सद्गुणी आहे, कात्री तेवढी काढून घे.

लोभ कायम आहे, रोषही तूर्त त्याच्या शेजारी बसला आहे.

बाबुराव

बिबवेवाडी
१८ फेब्रुवारी २०१९

ती. दादास,
शैलाचा जय भीम. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. पोरगी रविवारी आली, जेवली नाही, तुझं पत्र माझ्या पुढ्यात टाकून खिडकीशी उभी राहिली. एवढं सगळं तुला पत्रात सांगता येतं, तर तोंडानं का नाही सांगितलंस? तिनं सरळ विचारलं आणि तू साखर मागितलीस. मधुमेह आहे तुला.

तिला कसं ठाऊक असणार दादा? आपण सांगितलं कधी? ती तेव्हा माझ्या मांडीवर झोपायची. मी तिला सांगितलं, की एकदा ज्ञानदेवदादाच्या ओळखीच्या मधेच माईक बंद पडला. तुला वाटलं आता आटपावं. पण लोक चपला, सतरंज्या उचलून पुढं सरकले, आणि तू नुसत्या तोंडानं राहिलेल्या पदव्या म्हटल्यास. ती म्हणाली हे कॅसेटवर नाही. मी म्हटलं, कॅसेटवर काय काय असणार बाई.

मलाही तू एकदा स्वरलतिका म्हणाला होतास. त्या दिवशी मला सर्दी होती, बायका आठवडाभर हसत होत्या. मी तुझ्याशी भांडले होते. पण तो शब्द अजून आहे माझ्याजवळ.

मनाई ठेव, नाहीतर काढ. पोरीशी अबोला मात्र नको. रागावलास तरी येत जा.

तुझी,
शैला

हिंजवडी
९ एप्रिल २०१९

ती. मामांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण आमचंच भांडण चालू होतं. तुमचं पत्र मी दत्तप्रसादला वाचून दाखवलं. तो आधी म्हणाला की हे छानच आहे, पण अपवाद आहे. मी म्हटलं, आपण अपवादांनाच तर बोलावतो. मग तीन दिवस आम्ही कॅन्टीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसलो.

चौथ्या दिवशी तो आला. त्यानं एकट्यानं अख्खं रेकॉर्डिंग ऐकलं होतं. मग त्यानं मला एक सांगितलं. पुण्यात नवा आला तेव्हा त्याची चंद्रपूरकडची बोली ऐकून टीममधली पोरं नक्कल करायची. महिनाभरात त्यानं ती सोडली, आता आईशी फोनवर बोलायलासुद्धा बाहेर जिन्यात जातो. ज्याची भाषा लोकांनी बदलायला लावली, तोच मामांना भाषा बदला म्हणत होता, हे त्याला फार लागलंय.

तर मामा, सगळं परत जोडलंय. ज्ञानदेवमामांच्या सगळ्या पदव्या, शिपाईमामांच्या, मांडववाल्यांच्या, आईची स्वरलतिका पण. एपिसोड आता केवढा झालाय ते विचारू नका. ज्याला पुढं जायचं तो जाईल.

फक्त एक भर घातली आहे, तुम्हाला न विचारता. सगळ्या कॅसेट परत परत ऐकताना माझ्या लक्षात आलं की त्यांत प्रत्येकाची ओळख आहे, एक सोडून. काय ते सांगत नाही. रविवारी दुपारी आईकडं या, माझा जुना फोन तिथं ठेवून जाते. तुम्ही ऐकून निरोप देईपर्यंत मी बाहेर काही सोडणार नाही. मनाई ठेवलीत तर ती पण मान्य.

चुकलं तर पदरात घ्या, आणि घेतलंत की सांगा.

शर्मिला

शनिवार पेठ
१५ एप्रिल २०१९

चि. शर्मिला हिस,
अ. उ. आ., यावेळी एकही न वगळता.

काल बिबवेवाडीस गेलो. रस्त्यात निळ्या पताका होत्या आणि चौकाचौकांत डीजेच्या त्या भिंती आपला छातीठोक पराक्रम गाजवीत होत्या. तुझ्या आईने खिडक्या लावल्या, फोन पाटावर ठेवला आणि चहा बिनसाखरेचा केला.

मला वाटले आरंभी तुमचे ते संगीत वाजेल. वाजले नाही. तू बोलू लागलीस. वाक्सिंधू म्हणालीस. निवेदनमार्तंड म्हणालीस. जोडाक्षरांवर दोन ठिकाणी ठेचकाळलीस, उठलीस, पुढे गेलीस. 'ज्यांनी बिबवेवाडीस नाव दिले आणि स्वतःचे सांगायचे विसरले' असे काहीसे म्हणालीस. नीट ऐकू आले नाही, कारण तुझी आई मध्येच नाक शिंकरू लागली. मग दत्तप्रसादाने आपल्या गावाकडच्या बोलीत, चांगल्या मोठ्या आवाजात, आपली भर घातली. मुलास आता जिन्यात जावे लागणार नाही, असे वाटते. आणि अखेर तू माझे नाव घेतलेस, माझ्या वडिलांच्या नावासकट, सावकाश.

इतकी वर्षे ध्वनिक्षेपकाच्या मागे उभा राहून मी लोकांची नावे घेतली. त्या समोरच्यास तेव्हा काय होते, याची मला कल्पना नव्हती. पुढचा भाग मी ऐकला की नाही, हे मला सांगता येत नाही. तुझी आई म्हणते की ज्ञानदेवाचे गाणे सुरू झाले तरी मी त्या पाटावरच्या फोनसमोर उभा होतो, हात जोडून, आणि तिने दोनदा सांगूनही खाली बसलो नाही.

प्रसारित करावे.

लोभ मागत नाही. काल पुरेसा मिळाला.

बाबुराव धोंडिबा ओव्हाळ