कॉइल बंद केल्यावर

४ नोव्हेंबर
आले एकदाची! खोली लहान आहे, पण खिडकीत भरपूर ऊन येतं आणि प्रयोगशाळा अगदी हाकेच्या अंतरावर. सरांनी स्वतः हौसेने सगळं दाखवलं. टेबलभर आरसे, मधोमध काचेची निर्वात कुपी, दोन्ही बाजूंना तांब्याच्या कॉइल. लेसरने अणू इतके गार करायचे की ते जवळजवळ थिजतात. मग चुंबकीय क्षेत्रात त्यांना कुठेही न टेकवता अधांतरी धरायचं. ताईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, एवढं शिकून शेवटी फ्रीजच सांभाळणार ना?

९ नोव्हेंबर
माझा पहिला ढग! पडद्यावर तिळाएवढी काळी सावली. कॉइल बंद केली की चुंबकीय सापळा नाहीसा होतो, अणूंचा ढग खाली पडतो, पसरतो, आणि कॅमेरा तेवढ्यात त्याचा फोटो टिपतो. सगळं कसं बिनबोभाट पार पडलं. सरांनी चहा पाजला.

१५ नोव्हेंबर
आज ढग पडला नाही. कॉइल बंद, मीटरवर शून्य, तरी सावली जागच्या जागी. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मग तंत्रज्ञ काकांनी कॉइलच्या ताराच काढल्या. तरी तशीच. सर लहान मुलासारखे खूश. काका मात्र पुटपुटले, "आपण सोडलंय, मग धरलंय कोणी?" डबा उचलून घरी गेले ते दिवसभर परत फिरकलेच नाहीत.

१८ नोव्हेंबर
सावली वाढतेय. कुपीत नवे अणू आम्ही सोडलेलेच नाहीत. सर काचेला नाक लावून बसतात. जेवायला हाक मारली, तर बऱ्याच वेळाने मान वळली. त्यांचा हात ओझरता लागला. चटका बसावा इतका गार. माझं बोट अजून बधिर आहे.

२० नोव्हेंबर
सर हलत नाहीत. पापणी लवत नाही. हाक मारली की बुबुळ तेवढं, सावकाश, माझ्याकडे वळतं. अ‍ॅम्ब्युलन्सवाला उचलायला वाकला आणि किंचाळला — सरांचे पाय जमिनीला टेकलेलेच नव्हते. त्याने खांदा धरला होता. अजून धरूनच उभा आहे.

तोच दिवस, दुपार
हातोडीने कुपी फोडली. आत हवा शिरली की ढग विस्कटायला हवा. विस्कटला नाही. बाहेर आला —

ताई आलीय. जिन्यात तिचा आवाज. मीच सकाळी बोलावलं, घरी ने म्हणून. कडी लावायचीय, बोटं वळत नाहीत. ओरडतेय, आवाज फुटत नाही — पान दाराखालून अर्धं सरकवलंय, तिला दिसेल — मोठ्या अक्षरांत —

ताई, आत ये