सईचा ‘तो’

४ मार्च, बुध. लेस्टर
आज दुपारी साडेतीनला, चर्च हॉलच्या पायरीवर क्रिस्प्स खाता खाता सई म्हणाली, “व्हिएनो येतोय फिनलंडवरून. तो माझ्याकडेच राहणार.” तिथे माझं सगळं बदललं. ती मात्र क्रिस्प्स खातच राहिली.
“कोण व्हिएनो?”
“तो मला झूमवर गाणं शिकवतो ना. सो लव्हली आहे तो.”
पुढे विचारलं नाही. विचारणारा मी कोण? युनी अर्ध्यात सोडलेला, तिच्या शोचे दिवे लावणारा.

६ मार्च, शुक्र.
रिहर्सल. शो म्हणजे स.चं फायनल इयरचं काम: फिनलंडचं गाणं आणि नाटक कसं वाढलं. तिकडे म्हणे आधी नाटकं स्वीडिशमध्ये, शहरातल्या बड्या लोकांसाठी. फिनिश म्हणजे शेतकऱ्यांची बोली. मग लोक हट्टाला पेटले, आपल्या भाषेत स्टेजवर उभे राहिले. पुढे कामगारांनीही आपापल्या हॉलमध्ये नाटकं बसवली. हे आवडलं. हट्ट आवडतो मला.
पहिला सीन आवडला नाही. जुने गाणारे दोघं समोरासमोर बसतात, एकमेकांचे हात धरून, डुलत. एक ओळ म्हणतो, दुसरा तीच परत म्हणतो. एका खुर्चीत स., समोरची रिकामी.
“तिथे व्हिएनो. क्यू तीनला फक्त आमच्या हातांवर लाइट दे हं.”
हातांवर. दिव्यांचा तिसरा बदल, आणि तो मी द्यायचा.

८ मार्च, रवि.
साउथहॅम्प्टनहून आईचा फोन, ड्यूटी संपवून. युनीचं विचारलं नाही, म्हणजे बाबा शेजारी होते, त्यांच्यासमोर तो विषय निघत नाही. मीच त्या सीनबद्दल बोललो.
“अय्या, हे तर जात्यावरचं! दोघी समोरासमोर, एकच खुंटा, एकीने ओवी म्हणायची, दुसरीने उचलायची.”
“दोघी नाहीत गं. तो आहे.”
“कोण तो?”
ठेवला फोन.

१० मार्च, मंगळ.
वाईट वागलो. स. चहा आणायला गेली, स्क्रिप्ट माझ्या टेबलावर राहिली. आत व्हि.च्या ईमेलचा प्रिंटआउट. स. फिनिश शिकतेय म्हणून तो तिला फिनिशमध्येच लिहितो. वर गाण्याचे उच्चार. शेवटच्या ओळीवर फोन धरला. भाषांतराचं ॲप म्हणालं, ‘प्रयोगानंतर त्याला सांग.’
त्याला म्हणजे मला, अजून कोणाला? यांचं आपसात ठरलंय. दिवे लागेपर्यंत मला, या आद्याला, वापरून घ्या, मग…

१२ मार्च, गुरु.
भांडलो. सगळ्यांसमोर.
“शनिवारी मी येणार नाही. दिवे लावायला तुझ्या त्याला सांग!”
“कुठल्या त्याला?”
“व्हिएनोला!”
 स. ओरडली, “तो बाई आहे, यू इडियट! सिक्स्टी-एट आहे तो! ग्रँडचिल्ड्रन आहेत त्याला!”
इथे जन्मलेली. हिच्या मराठीत बस तो, खुर्ची तो, सख्खी आई तो. यावरून तिची टिंगल मीच करतो. आणि नेमका इथेच विसरलो.
तेवढ्यावर थांबायचं ना. पण निघून गेलं तोंडातून, “मग ती ओळ? ‘त्याला सांग’?”
ती लाल झाली. “तू वाचलंस?”
बॅग उचलून गेली.

१४ मार्च, शनि.
काल व्हि. आली. ठेंगणी, पांढरे केस, लोकरीचे जाड मोजे. मला बघून इंग्लिशमध्ये म्हणाली, “म्हणजे दिवेवाला तू.” सगळं ठाऊक असल्यासारखी हसली. का?
सईला मराठीत जमत नाही ते हिच्या भाषेत मुळातच नाही. तो आणि ती, दोन्हीला एकच शब्द: हॅन.
“मग कळतं कसं?”
“आम्ही विचारतो,” म्हणाली.
म्हणजे ‘त्याला’ हे ॲपने आपल्या मनाने घातलं. कदाचित ‘तिला’ असेल. ट्यूटरला, फ्लॅटमेटला, कोणालाही. माझा काही संबंधच नसेल. आधी मला सांगणार या विचाराने झोप गेली होती. आता मला नसेल सांगायचं, याने गेली.
स.चा कालपासून एकच मेसेज: ‘क्यू तीन. विसरू नको.’ आत राग आहे की नाही, दहा वेळा वाचून कळलं नाही.
पावणेसहा. शो साडेसातला. काळा शर्ट घातलाय, क्यू शीट खिशात. त्या हातांवर लाइट मीच देणार, दुसऱ्या कोणाला येत नाही. मग दिव्यांच्या माचीवरून खाली उतरून तिला विचारीन, ती ओळ कोणासाठी होती. नाही विचारणार. ती स्वतःहून आली वर तर…
वही इथेच ठेवतो. निघालो, दार ओढून घेतो.