साडेअकरा ते पाच

मी, वय वर्षे बाहत्तर, अविवाहित, निवृत्त पर्यवेक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी आजच दिला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. तो टाकण्याची कुणाची प्राज्ञाही नव्हती. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. बँकेतील ठेवी भाच्याला द्याव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. पुस्तके वाचनालयाला. लाकडी कपाट कुणालाही द्यावे, शेजारीणबाई सोडून. त्या दहा वर्षे त्यावर डोळा ठेवून आहेत.

२. राहते घर माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. ती नको म्हणेल, म्हणून कारण लिहिते.

वीज कंपनीच्या तक्रार कक्षात मी सव्वीस वर्षे होते. बहीण माझ्याच हाताखाली फोन घ्यायची. प्रत्येक टेबलावर आरसा असे. चेहरा हसरा ठेवला की आवाजही हसरा येतो, असा कंपनीचा नियम. पलीकडून लोक शिव्या घालत आणि इकडे मुली आरशात बघून दात दाखवत. मला तो नियम कधीच पटला नाही. पण दर सोमवारी मीच तो इतका ठासून सांगितला, की पटत नाही म्हणायला तोंड उरले नाही.

बाबा गेल्याचा निरोप मला साडेअकराला आला. तिला मी पाचला सांगितले.

"तुला कधी कळलं, ताई?"

"साडेअकराला."

"म्हणजे दुपारी मला 'चेहरा बघ जरा आरशात' म्हणालीस, तेव्हा तुला माहीत होतं?"

त्यानंतर एकोणीस वर्षे ती माझ्याशी बोललेली नाही.

शिस्तीसाठी केले, असे मी सर्वांना सांगत आले. ते खोटे आहे. ती रडली असती तर मीही रडले असते, आणि बाईंनाही हे जमत नाही, हे बारा मुलींना दिसले असते. मी घाबरले.

भाचा म्हणतो, "मावशी, आईला एक फोन तर कर!" फोनवर मी कशी बोलते, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक नाही. म्हणून कागदावर.

३. घराला कोणतीही अट नाही. मला माफ करावे, अशीही नाही. विकले तरी चालेल.

४. मी गेल्यावर भाच्याने सर्वांआधी तिला कळवावे. ती कामात असो, जेवत असो, झोपलेली असो; थांबू नये. आवाज गोड करू नये. "ताई गेली," एवढेच सांगावे. मग ती जे बोलेल, ते मध्ये न बोलता ऐकून घ्यावे.

मजकूर माझ्या हातचा असून, दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

सही: (पर्यवेक्षिका, निवृत्त)

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई
२. खालच्या मजल्यावरचे शिंपी (यांना सही पाहायला बोलावले होते, मजकूर वाचायला नाही.)

ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळी