एका बिडीचा हंडा

१४ नोव्हें.
दोन जीपा, दोन राज्यांचे साहेब आणि मधे मी. निवृत्त शिक्षक, राहणार कोरीट. पण उभी नोकरी अक्कलकुव्यावरच्या डोंगरात, आश्रमशाळेत गेली, म्हणून भिली येते. त्यासाठीच नेलं. पाड्यावर सभा. योजना दोन्ही राज्यांची मिळून. तिकडच्या, गुजरातच्या कारखान्यांचा धूर धुराड्यातच धरायचा, त्यातला वायू पाण्यात विरघळवून आपल्या काळ्या खडकात खोल सोडायचा. तिथं त्याचा दगड होतो म्हणे. त्याआधी एक बोअर पाडून खडक तपासायचा. जागा दामज्यादादाच्या शेतात. त्याच्या दोन्ही पोरी माझ्याकडे शिकल्या, मला तो नाही म्हणणार नाही हे ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक असावं.

सगळं ऐकून दादा म्हणाला, "धूर त्यांचा, दगड आपला. पाणी कोणाचं?" पाड्याचं पिणं एका झिऱ्यावर, त्याच शेताच्या खालच्या अंगाला.

आपले साहेब बराच वेळ बोलले. परिणाम होऊ नये असा अंदाज आहे, खात्री देता येत नाही, दोन्हीकडचे मिळून पाणी मोजत राहू, वगैरे. मी भिलीत सांगितलं, झिऱ्याला काही होणार नाही. पोरांना सोपं करून सांगायची जुनी खोड.

१५ नोव्हें.
काल लिहायचं राहिलं. बोलणं ठरलं की मोहाची धार पूर्वजांच्या नावानं जमिनीवर सोडतात, आणि शब्द देणारा पहिला द्रोण पितो. तिकडचे साहेब दारूबंदीच्या राज्यातले, त्यांनी हात जोडले. आपले म्हणाले, ड्यूटीवर आहे. मग दादानं द्रोण माझ्याकडे धाडला. जन्मात थेंब घेतला नव्हता. घेतला. साहेबांनी फोटो काढले.

सौ.ला लगेच वास आला. "साहेबस्नी लिधी नही, मंग तुम्ही कसाले लिधी?"
पाहुणचार, म्हटलं.

९ डिसें.
मशीन लागलं. खडकाच्या लांब कांड्या निघतात, काळ्या, गुळगुळीत, मधे पांढरे ठिपके. पेटीत ओळीनं मांडतात. दादा रोज येऊन बसतो. एक कांडी मांडीवर घेऊन म्हणाला, आपल्याच शेताच्या पोटातलं पहिल्यांदा पाहतोय. खोटं कशाला लिहू, मी खुशीत आहे. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सकाळी कोणी न्यायला येतं.

१७ जाने.
अ.कुव्याला दोन्हीकडची बैठक. मी चहाच्या टेबलाजवळ. बोअर पाडण्याआधी झिऱ्याचं पाणी मोजून ठेवायचं होतं, ते कोणी मोजलं? आपले म्हणाले, ते काम तुमच्याकडे होतं. तिकडचे म्हणाले, झिरा तुमच्या हद्दीत. कोणीच मोजलेलं नाही. शेवटी दोघांनी मिळून लिहिलं, "समन्वय वाढवावा". पोहे बरे होते.

झिऱ्याला काही होणार नाही, हे पाड्यावर मीच सांगितलं होतं. उठून बोललो मात्र नाही.

२० फेब्रु.
झिऱ्यावर दादाची बायको भेटली. इथलं माप बिडीचं. हंडा धारेखाली ठेवायचा आणि पानाची बिडी पेटवायची. बिडी संपते तोवर हंडा भरतो. आता दोन लागतात, म्हणाली. होळीच्या आधी असं कधी झालं नव्हतं. रागानं नाही, आपलं सांगायचं म्हणून.

आपल्या साहेबांना फोन केला. "गुरुजी, बोअरमुळे असेल, नसेलही. आधीचा आकडाच नाही, तर काय सांगू? आणि रिपोर्टात बिडी कशी लिहू?" माणूस वाईट नाही. तेच तर.

१२ मार्च
होळी उद्यावर आली. दरवर्षी दादाचा निरोप येतो, ये म्हणून. यंदा नाही. फोन चार वेळा काढून पाहिला.

सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, "शबद तुम्हना शे, सरकारना नही. जाई या एकदाव."
गेलो नाही. लाज वाटली.

२ एप्रिल
मशीन गेलं. खडक तिकडचा सरस निघाला, पुढचं काम तिकडे. दादाच्या शेतात लोखंडी पाइप, वर टोपण, त्याला कुलूप. चावी तिकडच्या ऑफिसात राहिली म्हणे.

६ एप्रिल
शेवटी गेलो. दादा खाटेवर होता. बस म्हणाला. सांगून टाकलं: साहेब तसं म्हणाले नव्हते, खात्री नाही म्हणाले होते. ते मी गाळलं.

दादानं पानात तंबाखू भरून बिडी वळली. मग म्हणाला, "साहेब एवढं लांब बोलला, तू एवढंसं सांगितलंस. तेव्हाच कळलं मला. म्हणून तर द्रोण तुझ्याकडे धाडला. तू परत केला असतास तर मी नाही म्हणणार होतो."

पुढे काय बोललो आठवत नाही. एसटीत रडलो. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली, ती घेववेना.

२० एप्रिल
दोन्ही ऑफिसांना पत्रं, रजिस्टरनं. खरं काय झालं ते, माझ्या नावानिशी. बिडीचं मापही लिहिलं.

११ मे
उत्तर आलं, दोन्हीकडून, जवळपास एकच. पावसाळ्यानंतर कळेल. एवढ्यावर तरी त्यांचं एकमत. पाड्यातल्या बाया आता खाली नदीवर जातात, उतरायला सोपं, चढताना हाल. दादाची धाकटी पोर गुजरातेत आहे, ती म्हणते आमच्याकडे या. तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

मी दर रविवारी वही घेऊन झिऱ्यावर जातो. तारीख आणि बिड्या, एवढंच लिहितो. निदान पुढच्या साली आधीचं काही असावं. दादा शेजारी येऊन बसतो, बिडी तोच ओढतो. मी कधी ओढली नाही. 

आज त्यानं तिसरी पेटवली. पाणी हंड्याच्या गळ्यापर्यंतही आलं नव्हतं. अर्ध्यावर उठला, बिडी माझ्या हातात दिली आणि घराकडे चालू लागला. ओढली नाही तर विझते, आणि विझली तर माप चुकतं. खोकत खोकत ओढत बसलो.